गुडघ्यावरचे पाच डाग

बायडाबाईचा हात गुणाचा आहे, असं तिसगावच्या माळावरल्या सगळ्या वस्त्यांवर म्हणत. लेकराचं पोट फुगलं, दूध अंगी लागेना, रडं थांबेना, की बाया त्याला पदराखाली झाकून तिच्या दारात येऊन बसायच्या. बैलाचा खांदा सुजला तरी तिलाच बोलावणं यायचं. चुलीत खुपसलेली वीतभर सळई लाल झाली की ती एका हातानं उचलायची, दुसऱ्या हातानं लेकराच्या पोटावरची जागा चाचपायची, आणि बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत डाग देऊन झालेला असायचा. मग त्यावर करडीचं तेल लावून ती स्वतःच लेकराला मांडीवर घेई आणि ते गप्प होईपर्यंत त्याच्या आईकडे देत नसे. या कामासाठी तिनं कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. सासूनं तिला शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. डाग दिल्यानं पोट खरंच बरं होतं का, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. बरी झालेली लेकरं ती रोज अंगणात खेळताना बघत होती. न झालेली कुणी परत आणून दाखवत नसे.

तिचा एकुलता एक मुलगा गहिनीनाथ. त्याच्याही पोटावर, बेंबीच्या दोन अंगांना, असे दोन डाग होते. तो सहा महिन्यांचा असताना दिलेले. चीनच्या लढाईनंतर भरती निघाली तेव्हा हा नगरला जाऊन रांगेत उभा राहिला आणि लागला. बायडाबाई तीन दिवस जेवली नाही. नंतर मात्र पोस्टमन दिसला की वस्तीच्या तोंडापर्यंत तीच आधी जाई.

सात वर्षांनी, सत्तर सालच्या आरंभाला, तो काठी टेकत परत आला. उजवा गुडघा पुरता वाकत नव्हता. बर्फाच्या डोंगरात वरच्या चौकीला रसद नेताना खेचराचा पाय घसरला. त्याचा लगाम गहिनीनाथच्या मनगटाला गुंडाळलेला होता, त्यामुळे खेचराबरोबर तोही दरीत गेला. खेचर मेलं, हा वाचला. पुढे दोन वर्षं पलटणीनं त्याला कोठारात बसून करायची कामं दिली, आणि गुडघा सुधारत नाही असं बघून घरी पाठवलं. पंधरा वर्षं नोकरी झाली नव्हती, म्हणून साधं पेन्शन नव्हतं. अपंगत्वाचं मिळण्यासारखं होतं, आणि तसे कागद पलटणीनंच वर पाठवले होते.

दिवाळीनंतर उत्तर आलं. इंग्रजीत होतं. शाळेतल्या मास्तरांनी वरचं पान वाचून अर्थ सांगितला: हे अपंगत्व सैन्यातल्या नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही, अर्ज नामंजूर. गहिनीनाथनं कागदाची घडी घातली, ट्रंकेत ठेवला, आणि त्याच ट्रंकेत त्या दिवशी आपले काळे बूटही ठेवून दिले. तोवर दर आठवड्याला अंगणात बसून तो त्या बुटांना पॉलिश करायचा. कुठं जायचं नसलं तरी करायचा.

घरात खायला नव्हतं असं नाही. तीन एकर जिरायत होती, शेळ्या होत्या. सून साळू कामाला वाघीण होती. पण नांगरामागं चालणं गहिनीनाथला जमत नव्हतं, आणि भाऊकीतला बन्सी येता-जाता तोंड सोडायचा.

"काय सुभेदार, सरकारनं लंगड्या बैलाला गव्हान न्हाई दिली व्हय?"

गहिनीनाथ नुसता हसायचा. ते हसणं कानावर आलं की बायडाबाई हातातलं काम टाकून आत निघून जायची. लहानपणी कुणी एक बोललं तर हा दोन ऐकवायचा. आता वस्तीवर कुजबुज होती, की पायाचं निमित्त, खरं तर काही करून आला असेल, म्हणून काढून टाकला. बायडाबाईला पेन्शनचा आकडासुद्धा माहीत नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की ज्यांनी तिचा धडधाकट मुलगा नेला त्यांनी कागदावर लिहावं, हा पाय आमच्याकडे असताना गेला.

गुढीपाडवा होऊन गेला आणि तिच्या कानावर आलं, की नगरचे विल्सन साहेब महिन्यातून एकदा, बाजारच्या दिवशी, तिसगावच्या शाळेच्या ओट्यावर बसतात आणि फौजेतून आलेल्यांचे अर्ज लिहून देतात. फौजेच्या दवाखान्यात जखमा बांधता बांधता सुभेदार होऊन निवृत्त झालेले गृहस्थ. फी घेत नाहीत, फक्त चहा घेतात.

"जा की रं एकदा," ती म्हणाली.

"नशिबात न्हाई त्ये न्हाई, आये. कशापायी उकरायचं?"

बाजारच्या दिवशी तो शेळ्या घेऊन ओढ्याकडे गेला, तशी सासू-सुनांनी मिळून ट्रंक उघडली.

"आत्याबाई, त्यो शिक्क्याचा कागद घ्या. आन ही लाल वही बी घ्या, सुटताना दिल्याली."

"त्याला सांगू नको."

"म्या कशाला सांगू? मला काय माराची हौस हाय?" साळू हसत म्हणाली. गहिनीनाथनं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

शाळेच्या ओट्यावर सहा-सात जण आधीच बसले होते. बायडाबाईची पाळी आली तेव्हा बाजार ऐन भरात होता. तिनं फडक्याची गाठ सोडली.

"कुणाचं आहे, मावशी?"

"माझ्या लेकाचं."

"तो नाही आला?"

"म्हनतो, नशिबात न्हवतं. आता नशिबाकडं अर्ज कुठं करायचा त्ये मला ठावं न्हाई, म्हनून तुमच्याकडं आले."

विल्सन साहेब मोठ्यानं हसले. चष्मा पुसून त्यांनी कागद वाचायला घेतला. वाचता वाचता हसू गेलं.

"पडल्याची नोंद आहे. दवाखान्यात ठेवल्याचीही आहे. मग अडलं कुठं?" त्यांनी मागं जोडलेलं डॉक्टरी तपासणीचं पान काढलं. बराच वेळ एकाच ओळीवर बोट ठेवून ते बसले. "मावशी, त्याचा गुडघा लहानपणापासून दुखत होता?"

"माझ्या गहिनीचा? आवं, मढीचा गड त्यो पोतं पाठीवर घिऊन चढायचा, आन वर गेल्यावर गप्पा मारायचा."

"मग लहानपणी गुडघ्याला डाग कशाला दिले?"

बायडाबाईचा चेहरा खुलला. कुणी आपल्या हातच्या भाकरीचं नाव काढावं, तसा.

"लहानपनी कुठं? म्याच दिल्यात की, सुट्टीला आल्ता तवा. गुडगा ह्यो येवढा सुजल्याला. पाच दिले, वाटीच्या भवतीनं."

विल्सन साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "कधीची गोष्ट?"

"मढीची जत्रा हुती. रंगपंचमीच्या आदल्या दिशी आल्ता. यंदाच्या पंचमीला तीन वर्सं झाली."

"म्हणजे बर्फात पडल्यानंतर."

"मंग! पडल्यामुळंच तर सुजल्याला."

शेजारी बसलेला एक जण काही बोलणार होता, त्याला साहेबांनी हातानंच थांबवलं. मग ते सावकाश, शब्द निवडत बोलले.

"मावशी, इथं असं लिहिलंय. गुडघ्यावर डागाचे पाच व्रण आहेत, आणि ते लहानपणचे असल्याचं जवानानं स्वतः सांगितलं. यावरून डॉक्टरांनी धरलं, की गुडघा भरतीच्या आधीपासून आजारी होता. आधीपासूनचं दुखणं म्हटल्यावर फौजेवर त्याची जबाबदारी येत नाही. नामंजुरीचं कारण एवढंच आहे. दुसरं काही नाही."

बायडाबाईला आधी ते कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. तिचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. तळहाताच्या मध्यावर बोटभर लांबीची चकचकीत कातडी होती. लेकरांना डाग देताना दोघं धरायला असतात. गहिनीनाथला कुणीच धरलं नव्हतं, कारण तो म्हणाला होता, मी शिपाई आहे, मी हलत नाही. चार डागांना तो हलला नाही. पाचव्याला पाय झटकला, सळई निसटली आणि तिनं ती हवेतच डाव्या हातानं पकडली. पाचवा डाग म्हणूनच जरा तिरका होता.

"ह्यो सहावा," ती हात पुढे करून म्हणाली.

"घाबरू नका," विल्सन साहेब म्हणाले. "माझ्याकडं येणाऱ्यांचं बहुतेक असंच असतं. कुणाचा खांदा गेला, तर त्यानं पडल्याचं कुणाला सांगितलेलंच नसतं. शिपायानं कुरकुर करू नये म्हणून. एकाला कानानं ऐकू येत नव्हतं. सुटताना डॉक्टरनं विचारलं, काही तक्रार? तो म्हणाला, सब ठीक है, साहब. तेच कागदावर चढलं. आता मी ओरडून विचारतो तेव्हा त्याला प्रश्न कळतो." ओट्यावर हशा पिकला. तो कान गेलेला तिथंच बसला होता. सगळे हसले म्हणून तोही हसला.

विल्सन साहेबांनी लाल वही उघडली. "मुलाच्या पोटावर काही आहे का, मावशी?"

"दोन डाग. त्ये मातुर लहानपनीचे. त्ये बी माझेच."

"देवाचे उपकार!" साहेबांनी वहीवर टिचकी मारली. "भरतीच्या दिवशी डॉक्टर जवानाला उघडा करून सगळं अंग तपासतो आणि ओळखीच्या खुणा लिहून ठेवतो. इथं काय लिहिलंय? बेंबीच्या दोन्ही बाजूंना डागाचे दोन व्रण. बस्स. ज्याला पोटावरचे दोन दिसले, त्याला गुडघ्यावरचे पाच दिसले नसते?"

"म्हंजी?"

"म्हणजे तेव्हा ते नव्हतेच. पण हे नुसतं मी म्हणून भागणार नाही. त्यानं लिहून द्यायला हवं, की मी चुकीचं सांगितलं. आणि ज्यानं डाग दिले त्यानं कचेरीत जाऊन शपथेवर सांगायला हवं. फेरअर्जाला सहा महिन्यांची मुदत असते. त्यातला सव्वा महिना उरलाय."

परतीच्या वाटेवर तिला ऊन लागलं नाही की तहान लागली नाही. तीन वर्षांपूर्वीची ती दुपार ती पुन्हा पुन्हा चाचपत होती. कुठं चुकलं? मुलगा दारात आला, त्याचा गुडघा पाहिला, आणि आपल्याजवळ जे होतं ते आपण केलं. दुसरं काय करायचं असतं?

गहिनीनाथ अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. तिनं कागद त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याचे हात थांबले.

"खोटं का बोललास रं?"

दोराचं टोक त्यानं पायाच्या अंगठ्यात अडकवलं, सोडलं, पुन्हा अडकवलं.

"मी इचारते. डाग लहानपनीचे म्हनून का सांगितलंस?"

"सुटताना डॉक्टरनं इचारलं, किस जंगली ने जलाया ये?" तो खाली बघत म्हणाला. "खोलीत चार जनं हुती. नर्स हुती, कारकून हुता. म्या काय सांगायचं? माझ्या आईनं? म्हनलं, बचपन का है साहब, याद नहीं. झालं. त्यानं लिवलं."

घरात साळूच्या जात्याची घरघर थांबली.

"येवढ्यापायी?" बायडाबाई म्हणाली. "जंगली म्हनला आसता. म्हनू द्यायचं. त्याच्या बोलन्यानं माझं काय भाजत हुतं?"

"मला भाजत हुतं."

ती त्याच्याजवळ खाली बसली. वाटभर जी भीती तिनं दाबून ठेवली होती ती आता तोंडावाटे आली.

"गहिन्या, खरं सांग. माझ्या डागानंच गुडगा बिगाडला का?"

"न्हाई, आये. आतलं हाड मोडल्यालं हुतं. वरनं तू डाग दे न्हाईतर नको दिऊ. डॉक्टरच म्हनला."

"आन सूज? उतरल्ती ना?"

त्यानं दोराला एक पीळ दिला. "उतरल्ती की."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सुट्टी संपवून निघाला त्या दिवशी तो बूट घालून, न लंगडता, काठीशिवाय एस्टीपर्यंत गेला होता. तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं होतं, बघा, माझ्या डागाचा गुण. त्या चालण्याची किंमत आज तिला कळली.

"पुन्ना खोटं," ती म्हणाली. "लहानपनी मारलं आसतं तुला यासाठी."

"आता मार."

"आता हात दुखतो माझा." तिनं पदरानं डोळे पुसले. "उद्याच्याला पाथर्डीला जायचं. कचेरीत."

"तुला कचेरीत उभी करनार न्हाई मी. लोक हसतील."

"मला कोन उभी करनार? मी माझ्या पायानं जाते. तुझ्यापरीस बरे हायत माझे पाय."

आतून साळूचं हसू फुटलं. मग गहिनीनाथलाही हसू आवरेना. या खेपेचं हसणं वेगळं होतं. बायडाबाईनं ते लगेच ओळखलं.

पाथर्डीच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसलेल्या अर्जनविसानं सगळं लिहून घेतलं. आतल्या कारकुनाला मात्र गंमत वाटत होती.

"वय काय, बाई?"

"गहिनीच्या बापाला जाऊन ईस वर्सं झाली. त्यावरनं काढा."

"बरं. डाग तुम्हीच दिले? डॉक्टरकी कुठं शिकलात?"

"सासूपाशी. तुमच्या पोटावर न्हाईत का?"

कारकुनानं नकळत सदऱ्यावरून पोटावर हात फिरवला. मग जरा बऱ्या सुरात विचारलं, "डाग दिला तो कशानं?"

बायडाबाईनं पिशवीतून सळई काढून टेबलावर ठेवली. "आनलीय संगं. लिवा, हिनं."

कारकून खुर्चीसकट मागे सरकला. शिक्का मात्र त्यानं त्याच दिवशी मारून दिला. नाहीतर तीन खेपा घालाव्या लागल्या असत्या, असं अर्जनवीस नंतर म्हणाला.

मुदतीच्या आत फेरअर्ज गेला. श्रावणात पुण्याला पुन्हा तपासणीचं बोलावणं आलं. विल्सन साहेबांनी बजावलं होतं, जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं; दुखतं का म्हणाले तर दुखतं म्हणायचं. बायडाबाई बरोबर गेली. बाहेरच्या बाकावर बसून ती दाराकडे बघत होती. आत हा पुन्हा 'सब ठीक है' म्हणेल, ही एकच धास्ती तिला होती. एवढ्यात शिपायानं तिला आत बोलावलं.

हे डॉक्टर दुसरे होते, वयस्कर. त्यांनी पोटावरचे व्रण पाहिले, वाढत्या अंगाबरोबर पसरून फिके झालेले. मग गुडघ्यावरचे, अजून आखूड आणि काळसर. फूटपट्टी लावून मोजले. तिच्याकडे वळून विचारलं, "ये आपने किया, माताजी?"

तिला हिंदी बोलायला येत नव्हतं. डावा हात उघडून तिनं डॉक्टरांपुढे धरला आणि म्हणाली, "त्यो जंगली मीच."

डॉक्टरांना काही कळलं नाही. गहिनीनाथ जमिनीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. मग तो ताठ झाला आणि म्हणाला, "साहब, पहले मैंने झूठ बोला था." आणि सगळं सांगितलं.

उत्तर दिवाळीच्या आधी आलं. पोस्टमनकडून घेतला तो लखोटा तसाच बंद ठेवून मायलेकरं बाजारच्या दिवशी तिसगावला गेली. मास्तर जवळ होते, पण बायडाबाई म्हणाली, "ज्यानं लिवलं त्यानंच वाचावं."

विल्सन साहेबांनी उभं राहून वाचलं. अपंगत्व सैन्यातल्या नोकरीमुळे आल्याचं मान्य. पेन्शन नोकरी सुटल्या दिवसापासून. गहिनीनाथनं ती पहिली ओळ पुन्हा वाचायला लावली. साहेबांनी पुन्हा वाचली, या खेपेस जरा मोठ्यानं, कारण बन्सी मिरच्यांचं पोतं घेऊन समोरून चालला होता.

"माझं नाव हाय का त्यात?" बायडाबाईनं विचारलं.

"नाव नाही, पण तुम्ही आहात. हे बघा: गुडघ्यावरचे व्रण हे रजेवर असताना आईने केलेल्या गावठी उपचाराचे आहेत."

"गावठी?" तिचा चेहरा पडला. "आवं, तीन पिढ्यांचं हाय त्ये."

"कळवू का तसं? सहा महिन्यांची मुदत आहे," विल्सन साहेब म्हणाले, आणि ओटाभर लोक हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची राहीबाई नातवाला घेऊन दारात आली. पोर कळवळून रडत होतं. बायडाबाईनं त्याला मांडीवर घेतलं, पोट चाचपलं, आणि त्याचं अंगडं पुन्हा खाली ओढलं. चुलीत सळई नव्हती. ती पाथर्डीहून आल्यापासून शेळ्यांच्या वाड्याच्या कडीत अडकवलेली होती.

"तिसगावच्या डॉक्टरला दाखवू," ती म्हणाली. "मी येते संगं."

"आन तुमच्या हाताचा गुन?"

"हात हाय की. वाटंनं घेते न् ह्याला." आणि तिनं हाक मारली, "गहिन्या, गाडी जुंप."

गहिनीनाथ ओसरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. पॉलिश कालच झालं होतं. उजवा पाय लांब करून, वाकून, त्याला जरा वेळ लागला. बायडाबाई दारात लेकरू थोपटत उभी राहिली; घाई कर, असं ती म्हणाली नाही.